महिन्यातून दोन रविवार

चकती अर्धी होती. पांढरी, पुठ्ठ्याहून पातळ आणि कागदाहून जाड. जिथे मोडली होती तिथली कड सरळ नव्हती, मधोमध एक बारीक दात बाहेर आला होता. उरलेल्या गोलाईवरून तिचा व्यास अठ्ठावीस मिलिमीटर असावा असा मी अंदाज केला, आणि मग ड्रॉवरमधली माझ्या मुलीची, उर्वीची पट्टी काढून तो मोजलाही. अठ्ठावीसच. तिच्यावर क्रूस उमटवलेला होता, त्याचा वरचा भाग आणि दोन्ही हात शिल्लक होते, खालचा दांडा गेला होता. मंगळवारची सकाळ, सात वाजायला दहा मिनिटं. बॉयलरशेजारच्या कपाटात आमचा देव्हारा आहे, त्यात अन्नपूर्णेपुढच्या स्टीलच्या वाटीत ती ठेवलेली होती, आणि क्रूसाच्या बरोबर मध्यावर कुंकवाचं एक बोट लावलेलं होतं. मी इस्त्रीचा बोर्ड काढायला कपाट उघडलं होतं. बोर्ड तसाच राहिला. पायांखालची फरशी गार होती आणि बॉयलर नुकताच धडधडून सुरू झाला होता, हे मला नीट आठवतं, कारण त्या दोन गोष्टी सोडून दुसऱ्या कशाचाही विचार करायचा नाही असं मी काही सेकंद ठरवलं होतं.

"आई, हे काय आहे?" मी विचारलं. माझ्या सासूबाई, सुमनताई, डायनिंग टेबलाशी शेंगा सोलत बसल्या होत्या. जुलैत नागपूरहून आल्यात, जानेवारीत परत जातील. त्यांनी मान वर न करता सांगितलं, "प्रसाद."

"कुठला?"

"परवाचा. चर्चमधला. पोरगी तापानं फणफणून राहिली होती, आली नाही, म्हणून तिच्यासाठी रुमालात आणला. अर्धा काल दिला तिला आल्याच्या चहासोबत. अर्धा ठेवला, लागला तर. उतरला की नाही ताप?"

"पॅरासिटामॉलनं उतरला."

"तेही दिलंच होतं."

"आई, तो तिथेच खायचा असतो. बाहेर न्यायचा नसतो."

आता त्यांनी मान वर केली. "काहून? घरच्या माणसाला न देता एकटीनंच खायचा? असला कसला प्रसाद, बाई."

मी बॅग उचलून कामावर निघाले. मी इंग्लंडमधल्या रीडिंग गावच्या एका हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत जंतुशास्त्राचं काम करते, आणि चकत्या हा माझ्या रोजच्या कामाचा भाग आहे. सहा मिलिमीटरच्या, प्रत्येकीत वेगळं अँटिबायोटिक. जंतू पसरलेल्या प्लेटवर त्या ठेवायच्या, रात्रभर उबेत ठेवायचं, आणि सकाळी कुठल्या चकतीभोवती किती मोकळी जागा पडली ते मोजायचं. त्या मोकळ्या जागेवरून डॉक्टर ठरवतात, पेशंटला काय द्यायचं. चकतीवर माझा विश्वास आहे की नाही हा प्रश्नच येत नाही, आणि हे मला फार आवडतं. त्या दिवशी बावीस प्लेट्स वाचल्या. प्रत्येक आकडा दोनदा तपासला, आणि दर वेळी पट्टी ठेवताना मला ते कुंकवाचं बोट दिसत होतं. रविवारी नेमकं काय झालं ते मी पुन्हा पुन्हा लावून पाहत होते. नेहमीच्या व्हिकर, म्हणजे त्या चर्चच्या मुख्य पाद्री, हेलन, सुट्टीवर होत्या. त्यांच्या जागी कोणी निवृत्त पाद्री आले होते, उंच, थरथरत्या हातांचे. हेलनना आम्ही माहीत आहोत. आमच्यासारख्या बाप्तिस्मा न झालेल्या लोकांनी वेदीपुढे गुडघे टेकायचे ते दोन्ही हात छातीवर दुमडून, म्हणजे मग ते चकती देत नाहीत, डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद देतात. सुमनताईंना तो आशीर्वाद फार आवडतो. पण त्या दिवशी त्यांच्या हातात रुमाल होता, दुमडलेले हात सुटले, आणि ओंजळ आपोआप पुढे झाली, उजवा तळवा वर, डावा खाली. पाद्रींनी चकती ठेवली आणि म्हणाले, ख्रिस्ताचं शरीर. सुमनताई म्हणाल्या, थँक यू. ती डोळ्यांना लावली, रुमालात गुंडाळली. मागून वाइनचा प्याला आला तेव्हा त्यांनी नमस्कार करून तो पुढे जाऊ दिला. नंतर रस्त्यात मला म्हणाल्या, "सगळ्यांचं उष्टं गं ते." मी आणि माझा नवरा शार्दूल त्यांच्या दोन बाजूंना हात दुमडून बसलो होतो. आम्ही पाहिलं. आम्ही दोघंही काही बोललो नाही.

दोन वर्षं आम्ही काही बोललो नव्हतो. उर्वी आठ वर्षांची असताना मालविकानं सुरुवात करून दिली होती. मालविका आमच्या महाराष्ट्र मंडळाची सेक्रेटरी, तिची दोन्ही मुलं त्या शाळेत. चर्चची माध्यमिक शाळा, अकराव्या वर्षापासूनची, पण फी नाही, सरकारी पैशावर चालणारी, निकाल उत्तम, घरापासून अकरा मिनिटं. "महिन्यातून दोन रविवार चर्चला जायचं, दोन वर्षं, मिनिमम," तिनं मंडळाच्या दिवाळीत चकली मोडत मोडत सांगितलं होतं. "अगं, इथे सगळेच करतात. गोरे तर आधी. ऑन युअर नीज, अव्हॉइड द फीज, असं त्यांच्यातच म्हणतात. फॉर्मवर व्हिकरची सही मिळाली की अ‍ॅडमिशन झाली, मग ख्रिसमसला कार्ड पाठवायचं." शार्दूल हसला होता. मीही हसले असणार. चर्चच्या दाराशी एक लाकडी पेटी आहे. आलेल्या कुटुंबानं चिठ्ठीवर नाव आणि तारीख लिहून तिच्यात टाकायची. चिठ्ठ्या मी लिहायचे. नमुन्यांच्या बाटल्यांवर लिहिते तशा, दिवस, महिना, वर्ष, न पुसल्या जाणाऱ्या शाईनं. बावन्न चिठ्ठ्या झाल्या. त्यांतलं एकही अक्षर खोटं नव्हतं. नाव खरं, तारीख खरी. एखाद्या मोजमापातला प्रत्येक आकडा बरोबर असतो आणि तरी ते भलतंच काही मोजत असतं, हे मी दर वर्षी लॅबमधल्या नव्या मुलांना शिकवते.

मला तिथे कंटाळा आला नाही, हेही सांगायला हवं. उंच खिडक्यांतून येणारा उजेड बाकांवरून सरकत जायचा, बाक नंबर सातपासून चारपर्यंत यायला त्याला प्रवचनाइतका वेळ लागायचा. गाणी चांगली होती. मी ओठ हलवायचे. मंडळाचा गणपतीही आम्ही त्याच चर्चच्या हॉलमध्ये बसवतो. मागच्या वर्षी उदबत्तीच्या धुरानं अलार्म वाजला, सगळे अनवाणी पावसात जाऊन उभे राहिलो, मूर्ती एकटी आत. अलार्म बंद करायला हेलनच किल्ली घेऊन आल्या होत्या. आरती होईपर्यंत त्या मागे उभ्या राहिल्या, आणि मोदक हातात आला तेव्हा त्यांनी मला हळूच विचारलं, मी हा खाल्ला तर तुमच्या दृष्टीनं चालेल ना? की तो श्रद्धा असणाऱ्यांसाठीच असतो? मी म्हणाले, चालेल, सगळ्यांसाठी असतो. त्यांनी तो सगळा खाल्ला, बोटांचं तूपही चाटलं. त्यांनी विचारलं होतं. आम्ही दोन वर्षांत त्यांना एकदाही काही विचारलं नाही.

माझे वडील फलटणच्या एका शाळेत जीवशास्त्र शिकवायचे. मुरलीधर सर. शाळेला सरकारी अनुदान होतं, पगार सरकारी, आणि अख्ख्या शाळेत चांगला मायक्रोस्कोप एकच. दर खंडेनवमीला शिपाईमामा प्रयोगशाळेतली सगळी उपकरणं टेबलावर मांडायचे, हेडमास्तर सोवळं नेसून यायचे आणि प्रत्येकावर हळद-कुंकू, झेंडूचं फूल, अक्षता. मायक्रोस्कोपला हार. मी सहावीत होते तेव्हा सुट्टीनंतर बाबांनी आम्हांला कांद्याचा पापुद्रा दाखवायला घेतला. माझी पाळी आली तेव्हा मला विटांसारख्या पेशी दिसल्या आणि त्यांच्या मधोमध एक मोठा लाल गोळा. "सर," मी म्हणाले, वर्गात मी त्यांना सरच म्हणायचे, "एक पेशी लाल आहे." त्यांनी डोळा लावला. बराच वेळ लावून ठेवला. मग म्हणाले, "ती पेशी नाही. ते कुंकू आहे." वर्ग हसला. मला तेव्हा हसू आलं नाही, मला ती एक साधी शंका आली, जी बारा वर्षांच्या मुलीला येते. मी विचारलं, "सर, शाळा सरकारची ना? मग पूजा कशी करतात?" बाबा म्हणाले, "खाली बस." संध्याकाळी मुलं गेल्यावर त्यांनी मला थांबवून घेतलं, झायलीनची बाटली काढली, भिंगाच्या कागदाचा बोळा केला, आणि गोल गोल, आतून बाहेर, भिंग पुसत राहिले. झायलीनचा गोड वास माझ्या नाकात अजून तसाच आहे. "असं विचारायचं नसतं," ते म्हणाले. त्यांचा देवावर विश्वास नव्हता. घरात हे आम्हांला सगळ्यांना माहीत होतं आणि कोणी उच्चारत नव्हतं. "पुसता येतं तोवर पुसायचं. मी रिटायर झालो की एकदा उभा राहून सांगणार आहे सगळ्यांना." निरोपसमारंभाला मी पुण्याहून मुद्दाम गेले. ते उभे राहिले. चार मिनिटं बेडकाच्या विच्छेदनाबद्दल बोलले, सगळ्यांचे आभार मानले, शाल, श्रीफळ आणि सरस्वतीची फ्रेम घेतली. घरी आल्यावर चपला काढताना म्हणाले, "कसं झालं?" मी म्हणाले, "छान." थोड्या वेळानं म्हणाले, "बोलायचं तेवढं राहिलं." माझ्या लग्नात अन्नपूर्णा त्यांनीच विकत आणली, मुलीबरोबर द्यावी लागते म्हणून. तीच ही, जिच्यापुढे आता अर्धी चकती होती.

ते गेले तेव्हा विमानं बंद होती. दहाव्याचे विधी मी इथे, या टेबलावर लॅपटॉप ठेवून पाहिले. दादा ओल्या धोतरात बसला होता, गुरुजी भराभर म्हणत होते, आणि पिंडाला कावळा शिवत नव्हता. काकू म्हणाली, त्यांची काहीतरी इच्छा राहिली असेल, कोणीतरी बोला. मी बोलले. "बाबांना हे नको होतं," मी म्हणाले, "त्यांनी मला सांगितलं होतं, माझं काही करू नका." चौकोनांतले चेहरे तसेच राहिले. कोणी वळून पाहिलं नाही. मग मला दिसलं की माझ्या चौकोनाच्या कोपऱ्यात माइकवर लाल रेघ आहे. मी म्यूटवर होते. बटणावर बोट नेलं. आजही मला त्या बटणाचं नेमकं ठिकाण आठवतं. बोट तिथेच ठेवून मी पुढची वीस मिनिटं बसले, आणि शेवटी दर्भाचा कावळा करून ते उरकण्यात आलं.

शार्दूलला हे सगळं ठाऊक आहे. मी देव मानत नाही हेही त्याला लग्नाआधीपासून ठाऊक आहे. तेव्हा तो म्हणाला होता, मला काहीच प्रॉब्लेम नाही, फक्त आईला सांगू नकोस, तिला या वयात सोसायचं नाही. तेव्हा सुमनताई चौपन्न वर्षांच्या होत्या. आता अडुसष्ट. चौदा वर्षांत जेव्हा जेव्हा चैत्रात नागपूरला गेले तेव्हा मी त्यांच्याबरोबर चैत्रगौर मांडली, हळदीकुंकवाची बोटं लावून घेतली आणि घरी येऊन पुसली. बुधवारी संध्याकाळी त्या वर टीव्ही पाहत असताना मी शार्दूलला चकतीबद्दल सांगितलं. तो आधी हसला, मग म्हणाला, "प्लीज, हे उद्या हेलनसमोर काढू नकोस. सही होऊ दे." गुरुवारी साडेपाचला हेलननी वेळ दिली होती. फॉर्म दोन आठवडे कौन्सिलच्या कचरापेट्यांच्या वेळापत्रकाखाली, ड्रॉवरमध्ये पडून होता. त्यावर एक ओळ होती, आमचं कुटुंब या चर्चमध्ये नियमित उपासना करतं असं मी जाहीर करते. खाली पालकाची सही आणि व्हिकरची. चिठ्ठ्या माझ्या नावानं म्हणून सही माझी.

"मला ती ओळ लिहिता येणार नाही," मी म्हणाले.

"लिहायची नाहीये. छापलेली आहे. तुला फक्त सही करायची आहे." तो डिशवॉशर भरत होता. "ऋजुता, मी ऑफिसमध्ये रोज दहा ठिकाणी आय अ‍ॅग्री क्लिक करतो. एक ओळ वाचत नाही."

"पण शाळा सरकारी आहे. मग दारात देव कशाला विचारतात?"

"कारण जागा त्यांची, बिल्डिंग त्यांची, तीनशे वर्षं त्यांची. नियम आपण केले नाहीत. आणि खोटं कुठे आहे त्यात? गेलो ना आपण?"

"गेलो."

"मग." त्यानं झाकण लावलं. "ग्रामर स्कूलची प्रवेशपरीक्षा चार मार्कांनी हुकली तिची. आता ही गेली तर रेल्वेपलीकडची. सात वर्षं, ऋजुता. तुझं खरं बोलणं महत्त्वाचं की उर्वी?"

हा प्रश्न खोटा नव्हता, आणि तो माझ्यापेक्षा वाईट माणूस नाही. रेल्वेपलीकडच्या शाळेचे निकाल मी तक्ता करून पाहिले होते, विज्ञानाला दोन वर्षांत तीन शिक्षक बदललेले. पण मला हेही दिसत होतं की भारतात एखाद्या सरकारी शाळेत कुणी नमाजासाठी खोली मागितली अशी बातमी आली, की हाच शार्दूल कॉलेजच्या ग्रुपवर तीन-तीन परिच्छेद लिहितो, धर्म घरात ठेवा म्हणून. खंडेनवमीबद्दल त्यानं कधी एक ओळ लिहिली नाही. इथे तो हात दुमडतो. मला वाटायचं मी वेगळी आहे, कारण मी काही लिहीत नाही. मी फक्त पुसते.

तो कचऱ्याचा बिन बाहेर ठेवायला गेला आणि उर्वी खाली आली. केस पुसत, नागपूरहून आलेल्या आजीनं विणलेला स्वेटर घालून. ताप गेला होता, नाकाचा शेंडा अजून लाल होता. "आई, उद्या मी पण येऊ? मला हेलनला बाय म्हणायचा आहे."

"बाय कशाला?"

"सही झाला की आपण परत नाही जाणार ना? मालविकामावशी बाबाला सांगत होती." तिनं फ्रिज उघडला, दूध काढलं. "डोंट वरी. मी कोणाला नाही सांगितला. इमोजेनला पण नाही."

"काय नाही सांगितलंस?"

"की आपण फॉर्मसाठी जातो. मला माहितीये कसा करायचा. बघ." तिनं ग्लास ओट्यावर ठेवला, पापण्या अर्ध्या खाली आणल्या, ओठांची टोकं अगदी थोडी वर नेली, आणि मान किंचित डावीकडे झुकवली. शांत, सौम्य, ऐकत असलेला चेहरा. तीन-चार सेकंद तो तसाच धरून ठेवला. मग हसून डोळे उघडले. "गुड ना?"

फार चांगला होता. त्यात कुठे चूक काढता आली नसती. मी तो ओळखला, कारण चैत्रगौरीच्या सगळ्या फोटोंत तो माझ्या चेहऱ्यावर आहे, बाबांच्या निरोपसमारंभाच्या फोटोत त्यांच्या चेहऱ्यावर आहे, शाल पांघरताना. तो मी तिला कधी शिकवला नाही. इन्क्युबेटरमध्ये जंतूंना कोणी शिकवत नाही. ऊब आणि वेळ मिळाला की पुरतं. मी तिला जवळ घेतलं, ती म्हणाली, "आई, दूध सांडेल," आणि मी सोडलं.

गुरुवारी अंधारून आलं होतं. ऑक्टोबरचा शेवट, रस्त्यावर ओली पानं, एका घराच्या पायरीवर हॅलोविनचा भोपळा, त्याला उर्वीनं नेहमीप्रमाणे हात लावला. सुमनताईंनी हेलनसाठी बेसनाच्या लाडवांचा डबा घेतला होता. "सहीच्या दिवशी रिकाम्या हातानं जायचं नसते," त्या म्हणाल्या. शार्दूल माझ्या बाजूनं चालत होता. वळणावर तो हळू म्हणाला, "आज काही बोलू नकोस हं." धमकी नव्हती त्यात. दमलेल्या माणसाचा आवाज होता. मी उत्तर दिलं नाही, आणि चौदा वर्षांच्या सवयीनं त्यानं ते हो धरलं.

चर्चच्या मागच्या खोलीत एक इलेक्ट्रिक हीटर, भिंतीला टांगलेले पांढरे झगे आणि ओल्या लोकरीचा वास होता. हेलननी डबा घेतला, उघडून वास घेतला, सुमनताईंचा हात दोन्ही हातांत धरला. उर्वी हीटरपाशी जाऊन उभी राहिली. हेलननी चष्मा लावला. "बावन्न," त्या फॉर्म पाहत म्हणाल्या. "आमच्या जुन्या कुटुंबांतसुद्धा इतकी नियमित फार थोडी आहेत."

"मला आधी एक सांगायचंय," मी म्हणाले, आणि चकतीचं सांगितलं. रुमाल, ताप, अर्धी उर्वीला, अर्धी आमच्या देव्हाऱ्यात. कुंकवाचंही सांगितलं. अर्धी मी कागदात बांधून आणली होती, ती टेबलावर ठेवली. शार्दूल झग्यांकडे पाहत राहिला. हेलननी पुडी उघडली. त्या लाल बोटाकडे त्यांनी बराच वेळ पाहिलं, आणि त्यांचा चेहरा जरा बदलला, रागानं नाही, कोणीतरी आपली वस्तू न विचारता हलवली की बदलतो तसा. मग त्या म्हणाल्या, "त्यांनी आजारी मुलीसाठी नेली. आम्हीही आजाऱ्यांसाठी घरी नेतो, फक्त आम्ही नेतो." पुडी त्यांनी नीट बंद केली. "सांगितलंत ते बरं केलंत. चला, आधी तुम्ही, मग मी." त्यांनी आपलं पेन माझ्या हातात दिलं.

पेन जड होतं, शाईचं, त्यांच्या हाताची ऊब त्याला होती. मी ती ओळ वाचली. उपासना करतं. जाहीर करते. हेलन माझ्याकडे पाहत होत्या, आणि मला वाटतं त्यांना कळलं, कदाचित दोन वर्षांपासूनच कळलेलं होतं, कारण त्या आवाज खाली आणून म्हणाल्या, "ऋजुता, माणसं आत काय मानतात ते मी विचारत नाही. मी रविवार मोजते. एवढंच."

हे त्यांचं मोठेपण होतं, आणि त्यात मी आरामात राहू शकले असते. बाबाही अशाच मोठेपणात राहिले, हेडमास्तरांच्या, शिपाईमामांच्या. कोणी त्यांना कधी काही विचारलं नाही. छत्तीस वर्षं कोणीच विचारलं नाही. मी पेनाचं टोपण लावलं. ते लागल्याचा बारीक आवाज झाला.

"मग मोजू नका," मी म्हणाले. "सही करू नका. आम्ही शाळेसाठी येत होतो. मी देव मानत नाही."

"तुम्हांला खात्री आहे?" हेलन म्हणाल्या. "शाळेचं काय?"

"शाळेनं हे विचारायला नको होतं. आणि विचारलं तेव्हा मी खोटं वागायला नको होतं. या दोन वेगळ्या चुका आहेत. दुसरी माझी आहे, तिच्याबद्दल मी तुमची माफी मागते. पहिलीबद्दल मी शाळेला लिहिणार आहे, कौन्सिलला लिहिणार आहे, आणि अर्ज या फॉर्मशिवायच करणार आहे. नाकारला तर का नाकारला ते त्यांना लिहून द्यावं लागेल."

"ऋजुता," शार्दूल म्हणाला. एवढंच. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. उर्वीनं हीटरवरचे हात काढून घेतले. तिच्या चेहऱ्यावर कालचा तो चेहरा नव्हता, कुठलाच तयार चेहरा नव्हता. खालचा ओठ थरथरत होता, तिची मैत्रीण इमोजेन त्या शाळेत जाणार होती, आणि तिनं सगळं ऐकलं होतं. मी तिच्याकडे पाहिलं आणि नजर हलवली नाही. हे तिला महागात पडणार होतं, मला नाही, हे मला दिसत होतं. ते मी तिला सांगणार होते, तसंच, न पुसता.

सुमनताई इंग्रजी फारसं समजत नाहीत. त्या एकेकाच्या तोंडाकडे पाहत होत्या, डब्याचं झाकण हातात धरून. "काय म्हणून राहिल्या त्या?" त्यांनी विचारलं. "झाली का सही?"

"काही नाही, आई," शार्दूल म्हणाला. "घरी गेल्यावर सांगतो. नंतर."

आतापर्यंतचं सगळं मी इंग्रजीत बोलले होते. इंग्रजीत ते जमतं, जनगणनेच्या कागदावर खूण करावी तसं, त्या शब्दांना आपल्या घराचा वास येत नाही. मराठीत, घरच्यांसमोर, असं काही मी एकदाच बोलले होते, म्यूटवर. माझा आवाज मला अपेक्षेपेक्षा मोठा ऐकू आला.

"नंतर नाही, आत्ताच सांगते. सही नको म्हणाले मी, आई. माझा देवावर विश्वास नाही. कधीच नव्हता. माझ्या बाबांचाही नव्हता."